घरचा कागद

मी नोकरी सोडली, ही बातमी मला माझ्याच घरच्या हळदीकुंकवात कळली. हातात तबक होतं, समोरच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावत होते, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "सोडते न ती आता. मार्चपर्यंतच आहे. पोट्टी लहान आहे, कोण पाहीन तिले?" माझं बोट तिथंच थांबलं. त्या बाईच्या नाकावर थोडं कुंकू सांडलं. तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "बरं केलं बाई."

लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. पण त्या दिवशी मी भांडले नाही, याचाच राग मला आजही येतो. पंधरा-वीस सवाष्णी बसलेल्या, सासूबाई नव्या साडीत, समोर तिळगूळ आणि वाणाचे डबे. अशा बैठकीत सुनेनं "आई, हे काय बोलून राहिल्या तुम्ही?" म्हणायचं म्हणजे काय, ते आमच्या रायपुरातल्या मराठी घरांत राहिलेल्यालाच कळेल. शहरात आपण मूठभर लोक. संध्याकाळी गुढियारी मोहल्ल्यात बोललेलं सकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचतं. म्हणून मी हसले. नुसतं हसले, आणि पुढच्या बाईकडे वळले.

ती पुढची बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या साहेबांची बायको.

ऑफिसचं सांगते. नवा रायपूरला मी संविदेवर काम करते, म्हणजे वर्षावर्षाची नोकरी. दर मार्चमध्ये यादी निघते. यादीत नाव असलं तर पुढचं वर्ष तुमचं, नसलं तर नमस्कार. काम म्हणजे गावागावांचे जमिनीचे जुने नक्शे कम्प्युटरवर चढवायचे. कापडावर चिकटवलेले, घड्यांवर फाटलेले नक्शे असतात. त्यात घडीची रेघ कोणती आणि शेताच्या बांधाची कोणती, हे ओळखायला डोळा लागतो. चुकलं तर कुणाचं शेत कुणाच्या नावात जाऊन बसतं. मला तो डोळा आहे. सात वर्षं करत होते तेव्हा, आणि अडलं की बाकीची पोरं नक्शा उचलून माझ्याच टेबलावर आणायची. हे मी स्वतःची आरती म्हणून सांगत नाही. काय पणाला लागलं होतं, ते नीट कळावं म्हणून सांगते.

आता सासूबाईंनी ते हवेतून काढलं नव्हतं. डिसेंबरात एक दिवस संध्याकाळची बस आलीच नाही. नवा रायपूरच्या त्या रुंद रस्त्यांवर गाड्या सुसाट जातात आणि बसथांब्यावर माणूस उभं आहे की खांब, कुणाला पडलेली नसते. तास-सव्वा तास उभी राहिले. घरी आले तर पोरगी तापानं फणफणलेली, सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि नवरा म्हणतो, "अगं फोन तरी करायचा." मी चपला न काढता दारातच बसले आणि रडले. रडता रडता म्हटलं, "मले नाही जमत आता. सोडून देते."

बस, एवढंच. हे एक वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पोरीला औषध पाजलं, डबा भरला आणि बस पकडली. तिसऱ्या दिवशी पकडली, महिनाभर पकडली. मागच्या गल्लीतली एक बाई दोन-तीन लेकरं सांभाळते, तिच्याशी बोलूनही आले होते. सासूबाई म्हणाल्या, "परक्याच्या घरी नाही पाठवाची." ते काम तिथंच अडलं. पण मी नोकरीवर जातच होते. रोज जातच होते. रडताना बोललेलं एक वाक्य तेवढं खरं, आणि त्यानंतर रोज सकाळी पकडलेली बस खोटी, हा कुठला न्याय आहे?

पाहुण्या गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं. "आई, तुम्ही काहून सांगितलं असं?"

"तूच तर म्हणाली होतीस त्याले. त्यानं मले सांगितलं."

"तो एक दिवस होता."

"मग काय झालं? बायाबायांत बोलणं होते. कोण लिहून घेऊन राहिलं?"

नवरा डबे आवरायला मदत करत होता. तो तसा मदतीचा माणूस आहे. तो म्हणाला, "जाऊ दे न. बोलण्यात बोलणं." मी जाऊ दिलं. तिथं मी शहाणपणा दाखवला, आणि तो शहाणपणा मला चांगला भोवला.

मार्चची यादी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा मी माझ्या टेबलावर होते. शेजारच्या टेबलावर अभनपुरची माझी मैत्रीण बसायची. ती रोज स्कुटीवर यायची, घरी दीड वर्षाचं बाळ, ते तिची आई सांभाळायची. नवऱ्याचं अभनपुरच्या बाजारात खत-बियाण्याचं दुकान. ती मला दीदी म्हणायची. आम्ही हिंदीत बोलायचो, मधून मधून तिची छत्तीसगढी. यादी तिनं आधी पाहिली. दोनदा वर-खाली केली आणि मग मोबाईल माझ्यासमोर धरला. "दीदी, आपका नाम नहीं है।"

चूक असेल, टायपिंगची गडबड असेल, असं मनाशी म्हणत मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब मराठी आहेत. सात वर्षं मला 'मॅडम' म्हणत आलेले. त्या दिवशी म्हणाले, "या वहिनी, बसा."

वहिनी म्हटल्याबरोबर माझं डोकं तडकलं. ऑफिसात मी कुणाची वहिनी? पण बसले.

"सर, यादीत माझं नाव नाही."

"हो न. तुम्ही सोडून राहिल्या म्हणून मी टाकलं नाही. मिसेस म्हणाली मला, तुमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती ना. बरा निर्णय आहे. लेकरू लहान असताना आई घरी पाहिजेच."

"मी राजीनामा दिला नाही, सर. तोंडानंही सांगितलं नाही."

"अहो, मी असं ऐकीव बोलण्यावर थोडंच करीन? घरचा संबंध आहे आपला. मी तुमच्या मिस्टरांना फोन करून पक्कं केलं होतं."

मला आधी कळलंच नाही ते काय बोलून राहिले. मग कळलं. मी म्हटलं, "त्यांना विचारलं, मला नाही विचारलं? मी इथंच बसते, सर. तुमच्या दारापासून अकराव्या खुर्चीवर."

ते थोडे ओशाळले. "आता तुम्हाला ऑफिसात बोलवून असल्या घरगुती गोष्टी विचारणं बरं दिसते का?"

काढून टाकणं बरं दिसते. विचारणं बरं दिसत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज खाली ठेवून म्हटलं, "मी अर्ज देते." त्याच टेबलावर बसून दोन पानं हिंदीत लिहिली. सात वर्षं काम केलं, कोणकोणत्या तहसिलींचे नक्शे चढवले, राजीनामा दिला नाही, देण्याचा इरादा नाही, नाव यादीत घ्यावं. सही केली, तारीख टाकली. साहेबांनी वाचला. चष्मा काढला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण असं करा, घरून एक कागद आणा. मिस्टरांच्या हातचा. की घरच्यांची काही हरकत नाही. म्हणजे पुन्हा असा गोंधळ नको. फाईल परवा वर जाते. उद्या आणला तर सुधारणा करून टाकतो."

मी विचारलं, "असा नियम आहे का, सर?"

"नियम नाही हो. तुमच्याच भल्यासाठी."

बसमध्ये मी घरापर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत आले. घरी पोचले तर नवरा टीव्हीसमोर, मांडीवर पोरगी झोपलेली. मी उभ्यानंच विचारलं, "साहेबाचा फोन आला होता तुम्हाले?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "हो, आला होता न. मागं."

"काय म्हणाले तुम्ही?"

"तो म्हणाला, वहिनी सोडून राहिल्या म्हणते, खरं का? मी म्हटलं, हो सर, तसंच आहे."

"मले सांगितलं काहून नाही?"

"अगं, तूच म्हणाली होतीस. रडली होतीस किती. मले वाटलं, तुले स्वतःच्या तोंडानं सांगाले कसंतरी वाटत असन. म्हणून मी सांगून टाकलं. तुझं काम सोपं केलं."

माझं काम सोपं केलं. बाप्पा, हे ऐकून मी काय करावं? नवरा हात उचलणारा असता, दारू पिणारा असता, तर शेजारपाजार माझ्या बाजूनं उभा राहिला असता. हा तर पोरीची वेणी घालतो, कुकर लावतो, भांडी घासतो. आणि याच भल्या माणसानं दोन मिनिटांच्या फोनवर माझी सात वर्षं देऊन टाकली, भाजीवाल्याला सुटे पैसे द्यावे तशी. त्याला पत्ताही नव्हता की आपण काही दिलं. मी म्हटलं, "माझं नाव कापलं. तुमच्या एका 'हो'वर कापलं." त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला. तो म्हणाला, "मग आता?"

मी सांगितलं, असा असा कागद पाहिजे म्हणते.

"एवढंच न? आत्ता लिहून देतो."

झोपलेली पोरगी त्यानं सासूबाईंकडे दिली, प्रिंटरमधला कोरा कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर बसला. त्याचं अक्षर छान आहे. 'मेरी पत्नी के कार्य करने से मुझे एवं मेरे परिवार को कोई आपत्ति नहीं है।' मध्ये थांबून मला विचारतो, "एवं लिहू का और?" मी डबा धुवायला गेले. त्यानं एवं लिहिलं. खाली सही, फोन नंबर, तारीख. चार मिनिटं लागली नसतील. सासूबाई पोरीला खांद्यावर घेऊन पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "घे. झालं न आता? उगाच डोकं तापवून घेते."

सकाळपर्यंत तो कागद माझ्या पर्समध्ये होता. फाडायचं मनात आलं, खोटं कशाला बोलू. फाडला असता तर मान राहिला असता आणि नोकरी गेली असती. मानानं काय, दुपारभर घरात बसून पोरीच्या फ्रॉकची बटनं लावली असती. मला माझा नक्शा पाहिजे होता, माझी खुर्ची पाहिजे होती. मी तो कागद दिला. स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "बस, एवढंच पाहिजे होतं." माझी दोन पानं त्यांनी टाचणीनं त्या एका कागदाच्या मागं लावली. संध्याकाळी सुधारलेल्या यादीत माझं नाव होतं.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याचं जे कौतुक झालं ते विचारू नका. साहेबांच्या बायकोनं पुढच्या कुठल्याशा कार्यक्रमात सगळ्यांना सांगितलं, त्यांनी लिहून दिलं हो, मिस्टरांनी. मग काय, ज्या भेटतील त्या बाया म्हणणार, नशीब काढलंस, नवरा करू देतो. करू देतो. सकाळची बस मी पकडते, डोळे मी फोडते, आणि करू देतो तो. मी एकीला म्हटलंही, "तुमच्या मिस्टरांना नोकरी कोण करू देते?" ती हसली. तिला वाटलं मी गंमत करून राहिली.

आणि अजून एक गोष्ट लोक फार विचारतात आजकाल. लेकरं झाल्यावर बायका नोकऱ्या सोडून राहिल्या का? काहून सोडून राहिल्या? शिकल्यासवरल्या, कमावत्या, घरी काहून बसून राहिल्या? मोठ्या गंभीर तोंडानं विचारतात. माझं नाव तेव्हा परत आलं नसतं, तर मीही त्याच सोडणाऱ्यांत मोजले गेले असते. लेकरू लहान होतं, घरी बसली, तिची मर्जी. माझ्या मर्जीचा त्यात एक शब्द नव्हता, पण पुढं कोण शोधत बसलं असतं? सासूबाईंनी हेच सांगितलं असतं, नवऱ्यानं हेच सांगितलं असतं, आणि काही वर्षांनी, चिडून चिडून थकल्यावर, मीही कदाचित हेच सांगितलं असतं.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी ऑफिसच्या बाबूनं, म्हणजे कारकुनानं, ग्रुपवर एक मेसेज टाकला. संविदेवरच्या सगळ्या विवाहित महिला कर्मचाऱ्यांनी अर्जासोबत पतीचं अनापत्ती पत्र, म्हणजे हरकत नसल्याचा कागद, जोडावं. आम्ही चौघी होतो. मेसेज वाचून तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे गेले. "हे काय आहे, सर? नियम नाही म्हणाले होते न तुम्ही?"

"नियम नाहीच. सोय आहे. तुमच्या केसमध्ये किती छान झालं, काही वाद नाही, भांडण नाही. मी म्हटलं सगळ्यांचंच घेऊन ठेवावं."

"माझा कागद फाईलमधून काढून टाका. मी यंदा देणार नाही."

ते हसले. "वहिनी, मागचा आहे की तुमचा. चालते तो."

माझा चालते. म्हणजे मला परत आणायची गरजही नव्हती. बाकीच्या दोघींनी घरून लिहून आणले, एकीचा तर तिच्या सासऱ्यांनी लिहिला, तोही चालला. राहिली अभनपुरची. तीन दिवस ती नेहमीसारखी नक्शे चढवत राहिली. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मोर घरवाला नइ लिखय, दीदी।"

नवरा लिहून देत नाही म्हणते, तर मला वाटलं, भांडण झालं असेल. तसं काही नव्हतं. तिच्या नवऱ्यानं तिला कधी अडवलं नव्हतं. स्कुटीत पेट्रोल तोच भरून आणायचा. पण तिनं कागद पुढं केला तेव्हा तो बराच वेळ हातात धरून बसला, आणि म्हणाला, अच्छा, मुझसे पूछ रहे हैं? मग म्हणाला, दुकानात माणूस लागतोच आहे, बाळ पण तुझ्याशिवाय राहत नाही, आता सरकारनंच विचारलं आहे तर विचार करू. कोणी विचारलं नसतं तर त्याच्या डोक्यातही आलं नसतं. विचारलं, म्हणून त्याला कळलं की आपल्याला नाही म्हणता येते.

मी म्हटलं, तू स्वतःच लिही, सही कर, कोण पाहते? ती म्हणाली, बाबू कागदावरच्या नंबरवर फोन लावून विचारतो आहे. खरंच लावत होता. मी साहेबांकडे तीनदा गेले. एकदा ओरडले, अख्ख्या ऑफिसनं ऐकलं. साहेबांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या घरच्या मामल्यात आपण कोण पडणार. मी ओरडून ओरडून ओरडणार किती? यादी निघाली. तिचं नाव नव्हतं.

तिच्या खुर्चीवर आता एक नवीन पोरगी बसते, लग्न व्हायचं आहे तिचं. काम शिकते आहे, घडीच्या रेघेला बांध समजते, मी सुधारते. परवा साहेब कुणा पाहुण्याला ऑफिस दाखवत होते. त्या खुर्चीपाशी थांबून म्हणाले, "यहाँ एक अच्छी लड़की थी, बच्चे के बाद छोड़ दिया।" मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "छोड़ा नहीं है, सर। आपने छुड़वाया है।" पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. साहेब पुढं गेले.

त्या दिवशी दुपारी मी तिला फोन केला. दुकानातले आवाज येत होते, कुणीतरी युरियाचं पोतं मागत होतं. ती चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. माझी पोरगी कशी आहे विचारलं, नवीन मुलगी नीट काम करते का विचारलं. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "दीदी, पिछले साल आप वो चिट्ठी नहीं देतीं तो क्या होता?"

काय होणार होतं? माझी नोकरी गेली असती. तिची राहिली असती.